आधी रुमाल

फादर तिसऱ्या बाकाजवळून पुढे गेले आणि लॉन्ड्रीवाल्यांच्या अख्ख्या कुटुंबाचा श्वास अडकला.

गुलाबी झगा वर्षातून दोनदाच बाहेर निघायचा. उपवासकाळाच्या मध्यावरच्या रविवारी एकदा आणि नाताळच्या आधी एकदा. त्या झग्याच्या पाठीवर, बरोबर दोन खांद्यांच्या मध्ये, आज एक इस्त्री उमटली होती. टोक वर, बूड खाली, रंग चहाचा. टोकाशी टवका उडालेला. म्हणजे सात नंबरची इस्त्री. म्हणजे काका.

 घरच्या सुनेने बाळ उगाचच या मांडीवरून त्या मांडीवर घेतलं आणि डोळ्यांच्या कोपऱ्यातून ओळीने सगळ्यांकडे पाहिलं. दुकानाच्या मालकीण आणि घराच्या सरन्यायाधीश असलेल्या आत्या समोर पाहत होत्या, पण त्यांची मान इस्त्रीच्या टेबलाच्या पायासारखी ताठ झाली होती. दुकानाची व्हॅन चालवणारा तिचा नवरा गाण्याच्या पुस्तकात तोंड खुपसून बसला होता. पुस्तक उलटं होतं. पपा, म्हणजे तिचे सासरे, आत्यांचे धाकटे भाऊ, दुकानात कपड्यांच्या घड्या घालणारे, आत्यांच्या कानाशी झुकले.

"निदान घडी बरोबर बसलीय."

"तू थट्टा सोडलीयस ना उपवासात?"

"आज रविवार, ताई. रविवार धरत नाहीत."

दुकानात इस्त्री करणारे काका त्यांच्यात नव्हते. ते नेहमीसारखे सगळ्यात मागे, खांबाजवळच्या बाकावर, बुटांकडे पाहत बसले होते.

प्रवचन झालं. कोणाच्या डोक्यात काही शिरलं नाही, कारण फादर बोलता बोलता मध्येच वेदीकडे वळत आणि सगळं चर्च पुन्हा एकदा ती इस्त्री बघून घेई. सुनेच्या कानावर तेवढं एक वाक्य पडलं. "आपण देवाची लेकरं आहोत आणि राहतो मात्र रोजंदारीवर असल्यासारखे. उद्या कोणी कामावरून काढेल या धास्तीत." तिला ते लिहून घ्यावंसं वाटलं. पण तेवढ्यात बाळाने टोपी पुढच्या बाईंच्या केसांत फेकली.

तिच्या पर्समध्ये एक वही असायची. तिच्यात बाळाचं दूध, झोप, शी आणि वजन. कॉलेजात रसायनशास्त्राचे प्रयोग जसे ती मांडायची, तसंच हे मांडलेलं. बाळाचं वजन वाढत होतं, पण हळू. डॉक्टर म्हणत, काळजी नको. ती म्हणे, हो, आणि घरी येऊन पुन्हा वजन करी. उपवासकाळात आत्यांनी तिला तेच सोडायला लावलं होतं. वजन आठवड्यातून एकदाच. घरातल्या तक्त्यावर तिच्या ओळीत आत्तापर्यंत बावीस दिवसांत नऊ निळ्या खुणा होत्या. बाकीच्या तांबड्या.

त्याच वहीच्या शेवटच्या पानावर तिने आणखी काही लिहिलं होतं. ते तिच्याशिवाय कोणालाच माहीत नव्हतं.

मंगळवार, बादली पडली, नाही. बुधवार, दाराची घंटी, नाही. शुक्रवार, बाळ जोरात रडलं, नाही.

काकांना ऐकू येत नव्हतं.

*

दुकान खाली, घर वर. रविवारी खाली सगळं गार असतं, पण ओल्या कपड्यांचा आणि खळीचा वास काही रविवार पाळत नाही. जिना चढता चढताच आत्यांनी कोर्ट भरवलं.

"जेवण झालं की बोलायचं. आज सोक्षमोक्ष."

"आत्या, मी केव्हापासून सांगतोय," नवरा म्हणाला. "वाफेचा प्रेस घ्या. बटण दाबलं की झालं. झग्यांची कामं यापुढे काकांच्या हातात नको."

"थेंबावर पारख करणारा माणूस आहे तो," पपा म्हणाले. "थेंब टाकायचा, चुर्रर्र आवाज ऐकायचा, इस्त्री किती तापली ते सांगायचं. इतक्या वर्षांत एक कपडा जाळला नाही."

"काल जाळला."

"एक."

"फादरांचा!" आत्या म्हणाल्या. "अख्ख्या चर्चने आपली सही वाचली आज."

 बाळाचं दुपटं सुनेने इतक्या काळजीने घडी केलं की पपांनाही कौतुक वाटलं असतं. सांगितलं तर काका गेले, एवढंच तिला दिसत होतं. न सांगितलं तर उद्या आणखी काहीतरी जळेल. शिवाय आत्या विचारतील, तुला तीन आठवडे माहीत होतं? मग तू कुठल्या कामाची? या प्रश्नाला ती लग्न होऊन आल्या दिवसापासून घाबरत होती. रसायनशास्त्र येतं म्हणून डागांचं टेबल तिच्याकडे आलं होतं. शाई, तेल, गंज, रक्त, कशालाही तिच्याकडे औषध होतं. डाग निघेनासे झाले तर आपण इथे कोण, हे तिने कधी कोणाला विचारलं नव्हतं.

जेवणाच्या खोलीत, घड्याळाखाली, आत्यांचा तक्ता टांगलेला होता. प्रत्येकाने काय सोडलं, कोणत्या दिवशी पाळलं, कोणत्या दिवशी मोडलं. नवऱ्याने व्हॅनमधली गाणी सोडली होती आणि तो शीळ घालत असे. पपांच्या ओळीत तांबड्या खुणांची जत्रा होती. काकांनी दुपारचा चहा सोडला होता. बावीस दिवस, बावीस निळ्या खुणा. दरवर्षी असंच. दरवर्षी आत्या ईस्टरला म्हणायच्या, "शिका काहीतरी त्याच्याकडून."

*

काका खालीच थांबले होते.

सात नंबरची इस्त्री त्यांनी थंडगार हातात घेतली, पुसली, जागेवर ठेवली. पुन्हा उचलून पुन्हा पुसली. काल त्यांनी थेंब टाकला होता. आवाज आला नाही म्हणून वाटलं, तापली नाही. थोडी वाढवली. पुन्हा थेंब. पुन्हा शांतता. मग मलमलीचा तुकडा ठेवून टेकवली आणि नाकाने सांगितलं ते कानांनी सांगायला हवं होतं.

झगा घेऊन ते स्वतः फादरांकडे गेले होते. "हा घालू नका. उपवासातला रोजचा जांभळाच घाला." फादर काय म्हणाले ते त्यांना नीट कळलं नाही, पण फादर हसत होते आणि हसतच त्यांनी झगा खुंटीला लावला.

चार महिने झाले होते. आधी घड्याळाची टिकटिक गेली, मग पपांचे विनोद (ते काही फार मोठं नुकसान नव्हतं), मग थेंब. मांजर शेजारी येऊन बसलं तरी कळेना. ते ओठ बघून काम भागवत होते. ताईचे ओठ बघायची गरजच नव्हती. ताई काय म्हणणार ते त्यांना त्रेपन्न वर्षं पाठ होतं.

नऊ वर्षांचे होते ते या दारात उभे राहिले तेव्हा. ताईच्या वडिलांनी, म्हणजे बाबांनी, हाताला धरून आणलं. मागे कोणी उरलं नव्हतं. तेव्हापासून एक गोष्ट त्यांनी कधी विसरू दिली नव्हती स्वतःला. ताई या घरची लेक. भाऊ या घरचा मुलगा. आपण कामाला. म्हणून चहा पहिला त्यांनीच सोडायचा आणि दिवा शेवटी त्यांनीच घालवायचा.

ताईने बोलायच्या आत आपणच बोलावं, असं त्यांनी ठरवलं. तिला ते शब्द उच्चारावे लागू नयेत. मान राहील दोघांचाही.

शर्टाची कॉलर सारखी करून ते जिना चढले.

*

फादर बोलावल्याशिवाय आले. बगलेत कागदात गुंडाळलेला झगा होता.

"बाई, सुपाचा वास चर्चपर्यंत येतो तुमच्या."

आत्या उठून उभ्याच राहिल्या. "फादर, मी काय सांगू तुम्हाला. शरमेने मेल्यासारखं झालंय. भरपाई म्हणून..."

"कसली भरपाई? आज पहिल्यांदा कोणी मिस्साभर माझ्यावरून नजर हटवली नाही. एरवी घड्याळाकडे बघतात. आणि मला ठाऊक होतं, यांनी कालच सांगितलं." त्यांनी काकांकडे हात केला. काका नम्रपणे हसले, काय चाललंय याचा पत्ता नसताना. "म्हटलं, डाग पडला म्हणून झगा काय झगा राहत नाही?"

"फादर," पपा कळवळून म्हणाले, "आमच्या धंद्यात असं मोठ्याने बोलू नका हो."

सगळे हसले. आत्यासुद्धा, अर्ध्या ओठाने. पाव फिरला, बटाटे फिरले. फादरांनी तक्ता पाहिला, चष्मा लावून जवळून पाहिला, आणि काही न बोलता जागेवर येऊन बसले. मग विचारलं, "प्रवचन कसं वाटलं?"

चमचे एकदम फार महत्त्वाचे झाले.

"छान होतं," नवरा म्हणाला. "म्हणजे, लांबी छान होती."

"पोरी, तू?"

"रोजंदारीचं वाक्य आवडलं," सून म्हणाली आणि लाल झाली. "पुढचं ऐकता आलं नाही. टोपी."

"तेवढंच महत्त्वाचं होतं. बाकी मी वेळ काढत होतो."

आत्यांनी चमचा खाली ठेवला. फादरांच्या देखत बोलावं की नाही, हे त्या मघापासून तोलत होत्या. शेवटी त्यांना वाटलं, साक्षीदार असलेला बरा. त्या काकांकडे वळल्या.

"बरं झालं फादर आहेत. मला तुझ्याशी कामाबद्दल बोलायचंय."

"ताई, वाफेचा प्रेस आत्ताच काय..." पपांनी मध्ये उडी घेतली.

"तू गप्प बस."

"आत्या, निदान जेवण तरी होऊ दे," नवरा म्हणाला. त्याने बाजू कधी बदलली हे त्याचं त्यालाही कळलं नाही. काकांचे पांढरे केस त्याला आज पहिल्यांदाच नीट विंचरलेले दिसले होते. लग्नाला निघालेल्या माणसासारखे.

आणि नेमकं तेव्हाच बाळ उठलं.

ते काकांच्या मागे, भिंतीशी, पाळण्यात झोपलं होतं. सरळ भोकाडच. खिडकीची काच थरथरावी असं. सगळ्या माना वळल्या. फादरांचा घास घशात अडकला.

काका शांतपणे पावाला लोणी लावत होते.

ते लोणी लावून झालं. पाव तोंडाशी नेला. मग समोरचे सगळे चेहरे आपल्या खांद्यावरून मागे बघताहेत, असं त्यांच्या लक्षात आलं. आत्यांची नजर मात्र पाळण्यावर नव्हती. काकांच्या तोंडावर होती. काकांनी पाव हळूच ताटात ठेवला.

"रडतंय का?" त्यांनी विचारलं.

सुनेने बाळ उचललं. बांगड्या वाजल्या आणि तिला त्यांचा राग आला.

"किती दिवस?" आत्या.

हे काकांना ओठांवरून कळलं. "चार महिने. थेंबाचा आवाज येत नाही, ताई. ते मशीन घ्या. त्याला ऐकावं लागत नाही." ते खुर्चीवरून उठले, पाहुण्यासारखे. "मी सांगणारच होतो. सिस्टरांच्या आश्रमात एक खाट मोकळी आहे. बोलून ठेवलंय. उद्या जाईन म्हणतो."

"खाट?"

"हाताला काम नाही तर खोली कशाला अडवायची? बाळाला होईल ती. उजेड चांगला आहे." ते खरंच व्यवस्था लावून दिल्याच्या समाधानाने बोलत होते. "बाबांनी मला कामाला आणलं. काम केलं. तुम्ही मला कधी काही कमी पडू दिलं नाही. पहिल्या दिवशी दारातच तू म्हणालीस, आधी रुमाल. तेव्हापासून माझ्या डोक्यात पक्कं आहे. आधी रुमाल, मग जेवण. चुकीचं काही नाही त्यात."

 

आत्या पुन्हा अकरा वर्षांच्या झाल्या.

दार उघडं होतं, बाहेर दोरीवरच्या उड्या चालल्या होत्या, मैत्रिणी हाका मारत होत्या. आणि आत टेबलावर हॉटेलचे चाळीस रुमाल, त्यांच्या वाट्याचे, रोजच्यासारखे. बाबा एका मुलाला घेऊन आले. गुडघे मातीने भरलेले. बाबा म्हणाले, "हा आजपासून आपला. याला जेवायला वाढ." आणि ते गाडी सोडायला मागे गेले. मुलगा उभा होता. रुमाल पडले होते. दोरी बाहेर फटाफट आपटत होती.

"आधी रुमाल," त्या म्हणाल्या होत्या. स्टूल पुढे सरकवलं होतं. आणि उड्या मारायला पळाल्या होत्या.

जेवताना बाबांनी विचारलं, आज रुमाल किती सुरेख झालेत, कोणी केले? "मी," त्या म्हणाल्या. त्या मुलाने चकार शब्द काढला नाही. दुसऱ्या दिवशी कोणी न सांगता तो स्टुलावर चढलेला होता.

हे त्यांनी आजवर ना पापनिवेदनात सांगितलं होतं, ना भावाला. खरं म्हणजे आठवणीतूनच झटकलं होतं.

"ते रुमाल माझे होते," आत्या म्हणाल्या.

काका कपाळाला आठ्या घालून त्यांच्या ओठांकडे पाहत राहिले. "काय?"

"ते रुमाल. माझे."

"ताई, नीट बोल, तू तोंड वाकडं करतेयस."

आत्यांनी टेबलाची कड धरली. नाकावर माशी न बसू देणारी ती बाई फुप्फुसं भरून ओरडली.

"ते रुमाल माझे होते! बाबांनी तुला कामाला आणलं नव्हतं! ते म्हणाले याला जेवायला वाढ! मला खेळायला जायचं होतं म्हणून मी तुला स्टुलावर चढवलं! आणि बाबांना खोटं सांगितलं!"

समोरच्या इमारतीत एक खिडकी उघडली.

फादरांनी रुमालाने तोंड पुसलं. "बाई," ते हळूच म्हणाले, "इतकं खणखणीत पापनिवेदन माझ्या आयुष्यात झालेलं नाही."

पण कोणी हसलं नाही, कारण काका पुन्हा खुर्चीत बसले होते आणि त्यांचा चेहरा काहीतरी जुळवत होता. एखाद्या कपड्याची शिवण उसवून आतला मूळ रंग दिसावा, तसं.

"मग बाबांनी मला आणलं कशाला?"

"कशाला म्हणजे?" आत्यांचा आवाज आता घोगरा झाला होता. "पोरं घरात कशाला आणतात? असावीत म्हणून."

हे मात्र त्या ओरडल्या नव्हत्या. तरी काकांना कळलं.

त्यांनी ताटातला पाव उचलून परत ठेवला. "म्हणजे त्या दिवशी मी आधी जेवायचं होतं."

"हो."

"भूक लागली होती खरी," काका म्हणाले.

पपांनी उठून त्यांच्या ताटात बटाटे वाढले. एक, दोन, पाच. "भाऊ, पुरे," काका म्हणाले. पपांनी सहावा वाढला.

"उद्या कानांच्या डॉक्टरकडे जायचं," नवरा भरभर बोलू लागला, नेमकं काकांच्या समोर तोंड नेऊन. "कानात घालायचं मशीन मिळतं. आणि तो प्रेस नको. म्हणजे घेऊ, पण घाई नाही. आणि ती खाट दुसऱ्या कुणाला देऊन टाका म्हणावं."

आत्या सुनेकडे वळल्या. "तुला माहीत होतं."

विचारलं नव्हतं त्यांनी, सांगितलं होतं. सुनेने बाळ खांद्यावर टाकून एका हाताने पर्समधली वही काढली आणि शेवटचं पान उघडून समोर ठेवलं. आत्यांनी वाचलं. बादली, नाही. घंटी, नाही.

"तीन आठवडे! मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही त्यांना घालवाल असं वाटलं. आणि मग मलाही." तिने बाळाचं झबलं सारखं केलं. "माझ्याकडून डाग निघाले नाहीत तर. बाळ असं बारीक राहिलं तर."

आत्यांनी आ वासला. भावाकडे पाहिलं, भाच्याकडे पाहिलं, फादरांकडे पाहिलं. "अरे, हे घर आहे की कारखाना?"

"खाली कारखाना, वर घर," पपा म्हणाले. "मध्ये जिना आहे, पण तू कधी चढू देशील तर ना."

आत्यांनी वही मिटली. सुनेच्या हातातलं बाळ घेतलं, त्याचा तळवा ओढून पाहिला, दंड चिमटीत धरून पाहिला. "माझ्यावर गेलंय," त्या म्हणाल्या. "मीही असलीच काटकुळी होते. कामचुकार आणि काटकुळी. जगले की." मग बाळ परत देत नेहमीच्या आवाजात, "जेव. सूप गार झालं तुझं."

सून जेवली. घड्याळाकडे न बघता.

काकांनी सहाही बटाटे संपवले. मग सवयीने ताटं गोळा करायला उठले. आत्यांनी हातातून ताट काढून घेतलं.

"मग मी काय करू?" ते खरोखर गोंधळले होते. हात कुठे ठेवावे ते त्यांना कळेना. खिशात घातले, बाहेर काढले.

"काही नको."

"काहीच नको?"

"झोप जा जरा."

त्रेपन्न वर्षांत काका दुपारचे कधी आडवे झाले नव्हते. खिडकीजवळच्या लांब खुर्चीवर ते आधी काठावर बसले, बस यायची वाट बघितल्यासारखे. मग टेकले. मग एक पाय वर घेतला, कोणी बोलतंय का ते पाहिलं, आणि दुसराही घेतला.

स्वयंपाकघरात भांडी धुणं सुरू झालं. फादर ताटं पुसत होते आणि पपा त्यांना एक जुना विनोद सांगत होते. नवऱ्याच्या हातून एक झाकण सुटलं आणि फरशीभर घरंगळत, खणखणत, कपाटाखाली जाऊन थांबलं.

"शू!" आत्या दारात आल्या, ओठांवर बोट ठेवून. "हळू जरा!"

"आत्या, त्यांना ऐकू येत नाही."

"म्हणून काय त्याच्या उशाशी गोंधळ घालायचा?" आत्या कुजबुजल्या आणि पदराने हात पुसत बाहेर खुर्चीकडे बघत राहिल्या. "पोर झोपलंय."